अभियांत्रिकी डिझाइन आणि सर्जनशीलता: संशोधकाचं काम कुठवर पोहोचलं हे कसं ओळखायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यातले मेकॅनिकलचे विद्यार्थी, पीएचडी करू पाहणारे तरुण शिक्षक आणि एमआयडीसीतले कारखानदार हे प्रश्न मला वर्षभर विचारत असतात. मी स्वतः मशीन डिझाइन शिकवतो. त्यामुळे उत्तरांत माहितीइतकीच माझी मतंही मिसळलेली आहेत. ती तशीच ठेवली आहेत.

अभियांत्रिकी डिझाइनवर संशोधन म्हणजे काय? नवीन मशीन बनवलं की झालं ना संशोधन?

नाही. मशीन बनवणं हे डिझाइनचं काम. ते बनवताना इंजिनिअर गरजेपासून ड्रॉइंगपर्यंत कसा पोहोचतो, कुठे अडतो, पहिलीच कल्पना धरून का बसतो, आणि त्याला मदत करणारी पद्धत कशी तयार करायची, हा डिझाइन-संशोधनाचा विषय आहे.

एक प्रसिद्ध उदाहरण सांगतो. 1994 साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट इथे एक कार्यशाळा झाली. एका अनुभवी डिझायनरला एकट्याने, आणि तिघांच्या एका गटाला मिळून, एकच काम दिलं होतं: डोंगरात फिरणाऱ्यांची पाठीवरची मोठी सॅक माउंटन बाइकवर बसवता येईल असं काहीतरी तयार करा. एकटा डिझायनर काम करताना मनातलं मोठ्याने बोलत होता. गटाचं बोलणं तर आपोआपच ऐकू येत होतं. सगळ्याचं चित्रीकरण झालं आणि त्याच टेप वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांना दिल्या. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने त्यांचं विश्लेषण केलं. सॅक बसवायचा तो कॅरिअर कसा झाला याला फारसं महत्त्व नव्हतं. तो सुचताना डोक्यात काय चाललं होतं, ते हवं होतं.

म्हणून या विषयातल्या संशोधकाचं काम वस्तू म्हणून दाखवता येत नाही. त्याच्या हातून बाहेर पडते ती पद्धत, मोजपट्टी किंवा विचार करायची एखादी चौकट. पुढचे बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

या विषयात भारतातून कुणाचं नाव घ्यायचं?

पहिलं नाव अमरेश चक्रवर्ती यांचं. ते बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक. त्याआधी केंब्रिजमध्ये पीएचडी आणि तिथल्याच डिझाइन केंद्रात काम. त्यांच्या कामाचे तीन-चार धागे वेगळे काढून दाखवतो, कारण संशोधनाचा परिणाम किती प्रकारचा असू शकतो हे त्यातून दिसतं.

पहिला धागा, डीआरएम, म्हणजे 'डिझाइन रिसर्च मेथडॉलॉजी'. लुसिएन ब्लेसिंग आणि चक्रवर्ती यांनी डिझाइनवर संशोधन कसं करावं याची एक पद्धत मांडली आणि 2009 साली ती पुस्तकरूपाने आली. तिच्यात चार टप्पे आहेत. आधी संशोधनातून नेमकं काय साधायचं आहे ते पक्कं करायचं. मग आज डिझाइन प्रत्यक्षात कसं होतं ते समजून घ्यायचं. मग ते सुधारण्यासाठी एखादं साधन किंवा पद्धत तयार करायची. आणि शेवटी ते साधन वापरल्याने खरोखर फरक पडला का, हे पुन्हा तपासायचं. ऐकायला सोपं आहे. पण आपल्याकडचे कितीतरी प्रबंध तिसऱ्या टप्प्यावर संपतात. सॉफ्टवेअर तयार केलं, दोन केस स्टडी लावल्या, सबमिशन झालं. चौथा टप्पा 'फ्यूचर स्कोप'मध्ये ढकलून दिला की गाईडही खूश आणि विद्यार्थीही मोकळा.

दुसरा धागा, सफायर मॉडेल. कोणतंही यंत्र, किंवा निसर्गातली एखादी रचना, कसं काम करते हे सात पातळ्यांवर सांगण्याची ही रीत 2005 साली त्यांनी सहकाऱ्यांसोबत प्रसिद्ध केली. सुटे भाग, भाग जोडून तयार होणारी कार्यक्षम रचना, बाहेरून मिळणारं इनपुट, त्यामागचा भौतिक नियम, प्रत्यक्ष घडणारी भौतिक घटना, त्यातून होणारा स्थितीतला बदल, आणि आपण त्या सगळ्याला जे काम म्हणतो ते. याच वर्णनावर 'आयडिया-इन्स्पायर' नावाचं सॉफ्टवेअर उभं आहे. किडे, झाडं, प्राणी आणि मानवनिर्मित यंत्रं यांची माहिती त्यात एकाच भाषेत भरलेली असते. त्यामुळे डिझायनरला आपल्या अडचणीशी जुळणारं उदाहरण शोधता येतं.

तिसरा धागा सर्जनशीलतेच्या मोजमापाचा. त्यावर खाली वेगळं उत्तर आहे.

चौथा धागा बायोडेटात एका ओळीत आटपतो, पण माझ्या मते तो सगळ्यात जड आहे. 2006 पासून त्यांच्या पुढाकाराने आयकॉर्ड ही डिझाइन-संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद भारतात भरू लागली. तोपर्यंत आपल्याकडच्या एखाद्या शिक्षकाला या विषयावर पेपर वाचायचा तर युरोप-अमेरिकेचं तिकीट काढावं लागायचं, नाहीतर उत्पादन तंत्रज्ञानाच्या परिषदेत कुठेतरी शेवटच्या सत्रात उभं राहावं लागायचं. परिषदेमुळे एक समाज तयार झाला. हा परिणाम कुठल्याही इंडेक्समध्ये मोजला जात नाही.

सर्जनशीलता मोजता येते का? ती तर अंगात असावी लागते.

'अंगात असावी लागते' हे वाक्य मी पालकसभेत सर्वाधिक वेळा ऐकतो. संशोधकांनी तो वाद बाजूला ठेवून वेगळा प्रश्न घेतला: माणूस राहू दे, समोर आलेली वस्तू किंवा कल्पना किती सर्जनशील आहे हे ठरवता येईल का?

2003 साली जामी शाह, वर्गास-हर्नांडेझ आणि स्टीव्हन स्मिथ यांनी कल्पना सुचण्याच्या प्रक्रियेसाठी चार मापं दिली: नावीन्य, विविधता, दर्जा आणि संख्या. कॉलेजमध्ये वापरायला मला हीच सोपी वाटतात. विद्यार्थ्याने वीस कल्पना आणल्या आणि त्या वीसही एकाच जातीच्या निघाल्या, तर संख्या भरते पण विविधता शून्याजवळ राहते. हे त्याला आकड्यात दाखवलं की वाद होत नाही.

2011 साली प्रबीर सरकार आणि चक्रवर्ती यांनी वस्तूकडे पाहिलं. त्यांचं म्हणणं असं की सर्जनशीलता म्हणजे नावीन्य गुणिले उपयुक्तता. बेरीज नव्हे, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. नावीन्य किती, हे वरच्या सफायर मॉडेलवर ठरतं: काम करून घेण्याची कल्पनाच जगात पहिल्यांदा आली असेल तर सर्वोच्च, आणि नुसते सुटे भाग वेगळे असतील तर कमी. उपयुक्तता ठरते ती वस्तूचं महत्त्व, ती किती लोक वापरतात, किती वेळा आणि किती काळ वापरतात यावरून. जीव वाचवणारी वस्तू महत्त्वाच्या वरच्या पायरीवर, करमणुकीची खाली.

हे जरा आपल्याकडच्या उदाहरणातून सांगाल का?

हळद घेऊ. सांगलीत दुसरं कशाला?

पूर्वी काढलेली हळद मोठ्या काहिलीत पाणी घालून शिजवत. आता बहुतेक ठिकाणी वाफेचे कुकर दिसतात. काम तेच, स्थितीतला बदलही तोच: कच्ची हळद शिजते. पण उष्णता पोहोचण्याची भौतिक घटना बदलली. काहिलीत उकळतं पाणी कंदाभोवती फिरून उष्णता देतं, कुकरमध्ये वाफ कंदाच्या थंड पृष्ठभागावर पाणी होते आणि होताना आपली सुप्त उष्णता सोडते. म्हणून पाणी आणि जळण कमी लागतं आणि ढिगातली हळद एकसारखी शिजते. बदल सुट्या भागांच्या वर, भौतिक घटनेच्या पातळीवर झाला. सफायरच्या हिशेबाने इथे नावीन्य बऱ्यापैकी.

आता पॉलिशचा ड्रम बघा. हाताने फिरवायच्या ड्रमला मोटर लावली. हळकुंडं एकमेकांवर आणि जाळीवर घासून चकाकतात, तो घर्षणाचा प्रकार जुनाच. बदलला तो फिरवणारा भाग. नावीन्य कमी. पण उपयुक्तता? हंगामात हळद आली की पॉलिश करावीच लागते, भाव त्यावर ठरतो. लोक खूप, वापर दरवर्षी. गुणाकारात हा साधा ड्रम, प्रदर्शनात बक्षीस मिळवून नंतर कॉलेजच्या वर्कशॉपमागे गंजत पडलेल्या एखाद्या नव्याकोऱ्या यंत्राला सहज मागे टाकतो. त्या यंत्राची उपयुक्तता शून्य, त्यामुळे सगळंच शून्य.

बेदाण्याच्या शेडवरही हाच हिशेब करून बघा. जाळीच्या रॅकचे मजले, द्राक्षं बुडवायचं द्रावण, मळणी आणि प्रतवारीची यंत्रं यांतलं कुठे भौतिक घटना बदलली आणि कुठे नुसता आकार, हे शोधायला तासगावचा एक दिवस पुरतो. थर्ड इयरला मी हीच असाइनमेंट देतो.

सगळ्या ग्रुपचे प्रोजेक्ट सारखेच का दिसतात? मुलं कॉपी करतात म्हणून?

काही करतात. पण जी करत नाहीत त्यांचेही सारखे येतात, आणि त्यामागचं कारण सापडलेलं आहे.

1991 साली डेव्हिड जॅन्सन हा यंत्र अभियंता आणि स्टीव्हन स्मिथ हा मानसशास्त्रज्ञ यांनी एक प्रयोगमालिका प्रसिद्ध केली. डिझायनरांच्या एका गटाला नुसता प्रश्न दिला, दुसऱ्या गटाला प्रश्नासोबत एक नमुना चित्रही दिलं. गाडीवर सायकली लादायचा रॅक, अंधांसाठी मोजमापाचा कप, न सांडणारा कॉफीचा कप, असे ते प्रश्न होते. नमुन्यात मुद्दाम दोष ठेवले होते. कॉफीच्या कपाच्या बाबतीत तर स्ट्रॉ वापरायची नाही असं सांगूनही, स्ट्रॉ असलेला नमुना पाहिलेल्यांनी ती जास्त वेळा वापरली. डोळ्यांसमोर आलेलं पहिलं उत्तर डोक्यात रुतून बसतं आणि दोषासकट उचललं जातं. याला फिक्सेशन म्हणतात.

संशोधनाचा परिणाम म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी हाच पेपर पुढे करतो. त्यातून कुठलं यंत्र आलं नाही, पेटंट आलं नाही. पण त्यानंतर डिझाइन शिकवणाऱ्याला 'आधी एक नमुना दाखवतो, मग तुम्ही करा' असं निर्धास्तपणे म्हणता येत नाही. माझ्या वर्गात आता क्रम उलटा आहे. आधी कोऱ्या कागदावर स्वतःच्या कल्पना, मग बाजारातली यंत्रं, यूट्यूब सगळ्यात शेवटी. ऊसाचे डोळे काढायच्या यंत्राचे एकाच व्हिडिओवरून उतरलेले चार प्रोजेक्ट एका व्हायवात पाहायचे नसतील तर दुसरा इलाज नाही.

ब्रेनस्टॉर्मिंग केलं की कल्पना वाढतात ना?

गटाने एकत्र बसून सुचेल ते बोलायची ही पद्धत अ‍ॅलेक्स ऑस्बर्न या जाहिरात व्यावसायिकाने लोकप्रिय केली. 1958 साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी ती तपासली. एकत्र बसलेल्या गटापेक्षा तितक्याच माणसांनी वेगवेगळं बसून काढलेल्या कल्पना एकत्र केल्या, तर त्या जास्त भरल्या. पुढे 1987 मध्ये डील आणि श्ट्रोबे यांनी मुख्य कारण दाखवलं: एक बोलत असताना बाकीचे थांबतात, आणि थांबता थांबता स्वतःचं विसरतात. आपल्याकडे त्यात एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, समोर बसलेले असतात, हे आणखी एक कारण.

त्यावर साधा उपाय 1968 सालचा आहे, बर्न्ड रोरबाख यांचा. सहा जणांनी गोल बसायचं, प्रत्येकाने पाच मिनिटांत तीन कल्पना कागदावर लिहायच्या, कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा. अर्ध्या तासात 108 कल्पना. लाजणारी मुलं यात सगळ्यात जास्त लिहितात, हे माझं निरीक्षण.

शिकवून सर्जनशीलता वाढते याला काही पुरावा आहे?

आहे. 2004 साली स्कॉट, लेरिट्झ आणि ममफर्ड यांनी 70 अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला. नीट आखलेलं प्रशिक्षण काम करतं, आणि विचार करण्याची कौशल्यं त्या-त्या क्षेत्रातल्या खऱ्यासारख्या उदाहरणांवर घोटून घेणारं प्रशिक्षण जास्त काम करतं, असा निष्कर्ष. 'मोठी स्वप्नं बघा' छाप प्रेरक व्याख्यानं यात बसत नाहीत.

आमच्या सरांचा एच-इंडेक्स 12 आहे. चांगला म्हणायचा का?

त्याचा अर्थ इतकाच: त्यांचे 12 पेपर प्रत्येकी किमान 12 वेळा संदर्भ म्हणून वापरले गेले आहेत. हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली हा आकडा सुचवला. चांगला की वाईट हे तुलना कुणाशी करता यावर ठरतं. मटेरियल सायन्समध्ये गट मोठे, पेपर भरपूर, संदर्भही भरपूर. डिझाइनवर काम करणारे लोक जगभरात मोजके, आणि त्यांचं बरंच लेखन परिषदांच्या कार्यवृत्तात जातं. नॅनोवाल्यांच्या शेजारी डिझाइनवाल्यांना उभं करून उंची मोजू नका.

शिवाय हा आकडा कधी खाली येत नाही. माणूस निवृत्त झाला तरी वाढत राहतो. पंधरा लेखकांच्या यादीत तेराव्या नंबरला असलेल्यालाही पूर्ण श्रेय मिळतं. स्वतःच स्वतःचे संदर्भ दिले तर गूगल स्कॉलर ते वेगळे काढत नाही.

मी काय करतो ते सांगतो. त्या संशोधकाचा सर्वाधिक संदर्भ मिळालेला पेपर उघडतो आणि त्याला संदर्भ देणारे काही पेपर काढून, नेमक्या कुठल्या वाक्यात नाव आलं ते वाचतो. 'या विषयावर अनेकांनी काम केलं आहे' असं म्हणून दहा नावांच्या रांगेत आलं असेल, तर तो नमस्कार-चमत्कार आहे. 'आम्ही यांची पद्धत वापरली आणि असं आढळलं', किंवा 'यांची मोजपट्टी इथे चालली नाही', असं असेल, तर काम पोहोचलंय. विरोधातला संदर्भही पोहोचल्याचीच खूण.

एच-इंडेक्स नसलेल्या माणसाचा परिणाम मोठा असू शकतो?

गेनरिख आल्टशुलर. जन्म 1926, सोव्हिएत नौदलात पेटंटविषयक काम. हजारो पेटंट चाळताना त्याच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या क्षेत्रांतले शोधक त्याच त्या युक्त्या पुन्हा पुन्हा शोधून काढतात. खरा शोध बहुतेक वेळा एखादा विरोध सोडवतो: भाग मजबूत हवा पण वजन वाढायला नको, वेग हवा पण अचूकता जायला नको. त्यातून पुढे 40 तत्त्वं आणि 39 गुणधर्मांचा तक्ता तयार झाला. याला ट्रिझ म्हणतात.

देशातल्या संशोधनाच्या अवस्थेवर त्याने स्टालिनला टीकेचं पत्र लिहिलं. बक्षीस म्हणून अटक आणि व्होर्कुटाची छळछावणी. स्टालिन गेल्यावर 1954 साली सुटका झाली, आणि 1956 मध्ये राफाएल शापिरोसोबत त्याचा पहिला लेख छापून आला, तोही मानसशास्त्राच्या नियतकालिकात. पोटापाण्यासाठी तो टोपणनावाने विज्ञानकथा लिहायचा. 1998 साली तो गेला तेव्हा ट्रिझ सोव्हिएत संघाबाहेर पसरू लागलं होतं, पुढे सॅमसंगसारख्या कंपन्यांनी आपल्या इंजिनिअरांना ते शिकवलं. आपल्या बढतीच्या फॉर्ममध्ये या माणसाला किती गुण मिळाले असते, याचा हिशेब कधीतरी गंमत म्हणून करून पाहा.

'जगातील टॉप 2 टक्के शास्त्रज्ञ' असे फ्लेक्स लागतात. ते खोटं असतं का?

यादी खरी आहे. स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि सहकारी स्कोपस या पेपर आणि संदर्भांच्या नोंदी ठेवणाऱ्या माहितीकोशावरून ती काढतात. एकूण संदर्भ, एच-इंडेक्स, लेखकांच्या यादीतलं स्थान वगैरे एकत्र करून एक गुण दिला जातो. फक्त, दोन याद्या असतात: एक संपूर्ण कारकिर्दीची, दुसरी एकाच वर्षातल्या संदर्भांची. फ्लेक्सवर कुठली ते लिहिलेलं नसतं. विश्रामबागच्या चौकात गाडी थांबली तर तेवढं विचारून घ्या.

आणि इम्पॅक्ट फॅक्टर?

तो नियतकालिकाचा असतो, पेपरचा किंवा माणसाचा नाही. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा सरासरी किती संदर्भ मिळाले, एवढंच तो सांगतो. माणसं तोलायला तो वापरू नका, असं 2012 च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलं आहे. यूजीसीने मान्य जर्नल्सची आपली केअर यादी 2025 च्या सुरुवातीला बंद केल्यापासून 'कुठला जर्नल चालेल' हा प्रश्न पुन्हा संस्थांच्या गळ्यात पडला आहे, आणि पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्यांचे मेल पुन्हा वाढले आहेत.

पेटंट पब्लिश झालं म्हणजे परिणाम झाला की नाही?

इथे जरा थांबून वाचा, कारण सर्वांत जास्त फसवाफसवी इथे चालते.

पेटंटचा अर्ज केला की साधारण 18 महिन्यांनी तो आपोआप प्रसिद्ध होतो. जास्तीची फी भरून लवकरही करून घेता येतो. प्रसिद्ध होणं म्हणजे मंजूर होणं नव्हे. त्यात कुणी काही तपासलेलं नसतं. तपासणीसाठी वेगळी विनंती करावी लागते, मग परीक्षकाचे आक्षेप येतात, त्यांना उत्तरं द्यावी लागतात, आणि टिकलं तर पेटंट मिळतं. अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं, तीही नूतनीकरणाची फी भरत राहिलात तर.

दुसरं, डिझाइन नोंदणी. 2000 सालच्या डिझाइन कायद्याखालची ही नोंदणी वस्तूच्या दिसण्याला संरक्षण देते, ती कशी चालते त्याला नाही. मुदत 10 वर्षं, पुढे 5 वाढवून मिळतात. पेन-ड्राइव्हच्या आकाराच्या डब्याला 'एआय-आधारित पीकरोग-निदान यंत्र' असं नाव देऊन डिझाइन नोंदवायचं आणि बायोडेटात पेटंट म्हणून लिहायचं, हा उद्योग सध्या जोरात आहे. त्यात नावं विकतही मिळतात.

खरा परिणाम पाहायचा तर फॉर्म 27 विचारा. पेटंट मिळालेल्याने त्याचा भारतात व्यापारी वापर झाला की नाही हे त्या फॉर्मवर सरकारला कळवायचं असतं. 'सर, फॉर्म 27 मध्ये काय भरलंय?' एवढा एक प्रश्न पुरतो.

परदेशात परिणाम कसा बघतात?

ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाचं ठरावीक वर्षांनी मूल्यमापन होतं. 2014 साली त्यात 20 टक्के गुण विद्यापीठाबाहेर झालेल्या बदलाला होते, 2021 मध्ये ते 25 टक्के झाले. कोणत्या संशोधनामुळे कुणाचं काय बदललं, याची पुराव्यासह हकीकत लिहून द्यावी लागते. त्यातही सजवून लिहिण्याचे प्रकार होतात. तरी आपल्याकडे पेपर, संदर्भ, पेटंट आणि सल्लासेवेचं उत्पन्न मोजून संपतं, त्यापेक्षा मला ते बरं वाटतं.

आमच्याकडे कागदावर संशोधन नसताना किर्लोस्करांनी केलंच ना सगळं?

केलं. आणि त्यांची गोष्ट या विषयाच्या आड येत नाही, उलट त्यातच बसते. लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवत होते. बेळगावात लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन नासते असं शेतकरी म्हणत, आणि नांगर पडून राहिले. पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि 1910 साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगराचं नावीन्य पहिल्या दिवशी जेवढं होतं तेवढंच पुढेही राहिलं. उपयुक्ततेच्या हिशेबातला 'किती लोक वापरतात' हा घटक मात्र वर्षानुवर्षं हळूहळू वर चढला. म्हणजे सर्जनशीलतेचं मोजमाप कधी घेता यावरही उत्तर बदलतं. दोन वर्षांच्या संदर्भांवर माणूस तोलणाऱ्यांनी नांगर पहिल्या वर्षीच भंगारात काढला असता.

माझी कुपवाडला छोटी फौंड्री आहे. या संशोधनाचा मला काय उपयोग?

थेट सांगायचं तर पेपर वाचून काही होणार नाही. दोन गोष्टी मात्र उचलता येतील. नवीन जॉब आला की ग्राहकाने पाठवलेलं जुनं फिक्स्चरचं ड्रॉइंग लगेच भिंतीवर लावू नका. आधी पॅटर्नमेकर, मोल्डर आणि मशीन शॉपचा माणूस यांच्याकडून वेगवेगळं रेखाटून घ्या, फिक्सेशन टळतं. दुसरं, रिजेक्शन वाढतंय असं नुसतं म्हणण्यापेक्षा त्यातला विरोध एका वाक्यात लिहून काढा: कास्टिंगची भिंत पातळ हवी पण साच्यात धातूचं भरण पूर्ण व्हायला हवं. एवढं लिहिलं की ट्रिझचा तक्ता कुणीही इंजिनिअर तुम्हाला उघडून दाखवेल. तुमच्याकडे इंटर्न म्हणून येणाऱ्या पोरांकडून हे फुकट करून घ्या.

आता एआय कल्पना देतं. मग हे सगळं कालबाह्य झालं का?

2024 साली दोशी आणि हाउजर यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विषय यंत्रांचा नव्हता, छोट्या कथांचा होता. एआयकडून कल्पना घेतलेल्या लोकांच्या कथा एकेकट्या पाहिल्या तर जास्त चांगल्या ठरल्या, पण सगळ्या मिळून एकमेकींसारख्या झाल्या. वर शाह यांची चार मापं सांगितली आहेत, त्यातलं विविधतेचं माप इथे किती कामाचं आहे ते लक्षात येईल. माझा अंदाज असा की फिक्सेशनवरचं जुनं काम येत्या काळात आणखी वाचलं जाईल.

या विषयात पीएचडी करायची आहे. गाईड कसा निवडू?

शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जाऊन त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध उघडा आणि शेवटून दुसरं प्रकरण वाचा. तयार केलेली पद्धत कुणी बाहेरच्या माणसाने वापरून पाहिली का? की गाईडच्याच दोन विद्यार्थ्यांनी 'उपयुक्त वाटली' म्हणून फॉर्म भरला? मग त्यांचे जुने विद्यार्थी आज कुठे आहेत ते बघा. कुणी कंपनीच्या डिझाइन विभागात त्या पद्धतीने काम करत असेल, कुणी सातारा-कराडकडे वर्गात शिकवत असेल, तर त्या गाईडचं काम चालतंय. ऑर्किड (ORCID) या प्रत्येक संशोधकाच्या वेगळ्या ओळख-क्रमांकावरून नावसाधर्म्याचा घोळ तपासा. एकाच आडनावाची चार माणसं एका प्रोफाइलमध्ये मिसळलेली मी पाहिली आहेत.

गाईडला पहिला मेल काय लिहू? 'रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम व्हेरी मच इंटरेस्टेड' असं लिहिलं तर उत्तरच येत नाही.

येणार नाही. तसे मेल त्यांना रोज येतात. त्यांचा एक पेपर घ्या, त्यातली पद्धत तुमच्या आसपासच्या एका खऱ्या यंत्रावर लावून बघा. हळदीचा कुकर चालेल, बेदाण्याचं प्रतवारी यंत्र चालेल, मिरजेच्या कारागिराचं तंबोऱ्याचा भोपळा कापायचं हत्यारही चालेल. कुठे लागू पडली, कुठे अडली, ते दहा-बारा ओळींत लिहा आणि सोबत हाताने काढलेलं एक स्केच जोडा. विषयाच्या ओळीत त्या पेपरचं नाव आणि तुमच्या यंत्राचं नाव. बायोडेटा दोन पानांच्या वर नको, आणि त्यात 'पब्लिश' झालेलं पेटंट 'पब्लिश' असंच लिहा.

आठवडाभरात उत्तर आलं नाही तर?

पुन्हा एकदा पाठवा. सेमिस्टरच्या शेवटी आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजला श्रेणी देणाऱ्या समितीच्या, भेटीच्या महिन्यात कुणीच उत्तर देत नाही.